जुन्या-नव्या फौजदारी कायद्यांची तुलनात्मक पुस्तिका : कामाची, पण शब्दांबाबत बेफिकीर

भारतीय दंड संहिता, १८६० आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता यांची कलमे समोरासमोरच्या रकान्यांत छापलेली एक इंग्रजी पुस्तिका मी वर्षभर तालुका न्यायालयात रोज वापरत आहे. बांधणी मजबूत आहे, आणि जुन्या ५११ कलमांपैकी कोणते नव्या ३५८ कलमांत कुठे गेले, हे चटकन सापडते. तेवढ्यासाठी ती जरूर घ्यावी.

माझी तक्रार शेवटच्या तक्त्याविषयी आहे. तिथे जुन्या कलम ३०५ पुढे नवे कलम १०७ देऊन ‘बदल नाही’ असा शेरा मारला आहे. शिक्षा तीच राहिली, हे खरे. परंतु बालकाला किंवा मनोविकल व्यक्तीला आत्महत्येस अपप्रेरणा देण्याविषयीच्या या कलमात पूर्वी ‘इनसेन’ आणि ‘इडियट’ असे शब्द होते, त्यांपैकी ‘इडियट’ आता वगळला गेला आहे आणि ‘इनसेन’च्या जागी ‘अनसाउंड माइंड’ असलेली व्यक्ती, असा उल्लेख आला आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या एका मुलाची आई माझ्या टेबलाशी बसली असताना तिची नजर डाव्या रकान्यातल्या ‘इडियट’ या शब्दावर गेली आणि तिने काही न बोलता पुस्तिका मिटून माझ्याकडे सरकवली. एकशे साठहून अधिक वर्षे कायद्यात राहिलेला असा शब्द गेला, याला ‘बदल नाही’ म्हणणे मला मान्य नाही.

मनोविकल व्यक्तीचे कृत्य गुन्हा न मानण्याविषयीच्या नव्या कलम २२ खालीही एक टीप हवी होती. न्याय संहितेच्या ऑगस्ट २०२३ च्या विधेयकात तिथे ‘मेंटल इलनेस’ (मानसिक आजार) हा शब्दप्रयोग होता. त्याची व्याप्ती फार मोठी होते, असे संसदेच्या स्थायी समितीने दाखवून दिल्यावर ‘अनसाउंड माइंड’ परत आला. ते योग्यच झाले, असे माझे मत आहे, कारण मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ नुसार सक्षम न्यायालयाने तसे घोषित केल्याखेरीज केवळ मानसिक आजारावरून कोणालाही मनोविकल मानता येत नाही.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२८ च्या शीर्षकातला ‘लुनॅटिक’ (वेडा) तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ मध्ये राहिलेला नाही, याचीही नोंद नाही. तक्त्यात ‘शब्दबदल’ असा स्वतंत्र रकाना घालावा, असे मी प्रकाशकांना कळवले आहे. तोवर माझ्या प्रतीत ‘बदल नाही’ खोडून त्या जागी गेलेले आणि आलेले शब्द पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत.