पहिलं बोन्साय: जेड घ्यावं की नांद्रुक?

फ्लॅटच्या गॅलरीत बोन्साय करायचं म्हणणाऱ्याला मी आधी दोन गोष्टी विचारतो: ऊन किती तास येतं, आणि तुम्ही बाहेरगावी किती असता? ऊन तीन-चार तासही येत नसेल तर मनी प्लांट लावा. टीव्हीशेजारच्या टेबलावर बोन्साय जगत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

ज्युनिपरचा (थंड हवेतलं सूचिपर्णी झाड) मोह आधीच सोडा. त्याला हिवाळ्यात खरी थंडी लागते. मुंबई-कोकणात ती कुठून आणणार? शिवाय मेल्यावरही तो कित्येक आठवडे हिरवाच दिसतो. माणूस आपला भाबडेपणाने पाणी घालत राहतो.

उरले दोघं. जेड दक्षिण आफ्रिकेतलं, पानाखोडात पाणी साठवणारं. नर्सरीत या नावाने दोन झाडं मिळतात. आपल्याला बारीक गोल पानांचं, लालसर फांद्यांचं हवं. आठवडाभर पाणी चुकलं तर पानं सुरकुततात, पाणी मिळालं की पुन्हा टरारतात. त्याला मारायचं तर लाडाने मारावं लागतं. माझं पहिलं जेड मी जुलैत रोज पाणी घालून कुजवलं. पानं पिवळी पडून नुसत्या स्पर्शाने गळायला लागली, तेव्हा कळलं. पावसाळ्यात त्याला छपराखाली घ्या आणि मातीत निम्म्याहून जास्त विटांचा चुरा नि जाड वाळू असू द्या. छाटलेली काडीही फुकट जात नाही: चार दिवस सावलीत सुकवून खोचली की नवं झाड.

नांद्रुकाचं उलट. वड-पिंपळाचा भाऊबंद, आपल्या हवेतला, पावसात नुसता उधळतो. पण उथळ ट्रेमध्ये असेल तर मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी मागतो. मातीत बोटाचं एक पेर खुपसायचं, कोरडं लागलं की घालायचं. जागा बदलली तर रुसून पानं टाकतो. घाबरू नका, बहुतेकदा पुन्हा फुटतो. पानं दुमडलेली दिसली तर उघडून बघा. आत काळे बारीक किडे असतात. ती पानं खुडून टाकायची.

शिकण्याच्या दृष्टीने मात्र नांद्रुकच उजवा, हे माझं स्पष्ट मत. फांदीला सहा-सात पानं आली की दोन-तीन ठेवून कापायची. पांढरा चीक येतो, ओल्या फडक्याने टिपायचा. काही आठवड्यांत पानांच्या बगलेतून नवे फुटवे येतात, म्हणजे आपली चूक-बरोबर लगेच दिसते. ॲल्युमिनियमच्या तारेने वळणही छान घेतो. फक्त पावसाळ्यात तार दर आठवड्याला तपासा, खोड भराभर जाड होतं आणि तार सालीत रुतते. जेडच्या मऊ फांद्या तारेने लवकर दुखावतात, त्यामुळे त्याचा आकार मुख्यतः कात्रीनेच येतो. दमट हवेत नांद्रुकाला पारंब्याही सुटतात. ते सुख जेड देणार नाही.

सतत फिरती असेल तर जेड, रोज सकाळी दहा मिनिटं असतील तर नांद्रुक. मुळ्याच्या गड्ड्यासारखी फुगीर मुळं आणि वर कलम केलेली पानं, असा तयार फायकस (नांद्रुकाचाच प्रकार) भेट म्हणून ठीक, शिकायला नको. त्यापेक्षा साध्या काळ्या पिशवीतलं रोप घ्या. घेण्याआधी बुंध्याजवळची माती बोटाने थोडी उकरून बघा: मुळं चहूबाजूंनी पसरलेली हवीत, एकाच बाजूला गुंडाळलेली नकोत. आणि पहिली दोन वर्षं ते मोठ्या कुंडीतच वाढू द्या. खोड तिथेच जाड होतं, ट्रेमध्ये नाही.