सॉप्स आणि एज : नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी आमचा पेमेंटचा कंटेनर, म्हणजे ते ॲप ज्या बंद डब्यात चालतं तो, सुरूच होईना. लॉग बघितला, तर डेटाबेस पासवर्ड नाकारत होता. नवा पासवर्ड एका '.एन्व्ह' फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या साध्या मजकूर फाइलमध्ये होता. ती फाइल एकाच सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर, आणि तो सहकारी कोकणात जाणाऱ्या गाडीत. बोगदा आला की फोन कट. शेवटी चिपळूणला गाडी थांबल्यावर त्याने लॅपटॉप उघडला आणि पासवर्ड चॅटवर पाठवला. काम झालं, पण प्रॉडक्शनचा पासवर्ड चॅटमध्ये उघडा पडून राहिला. सणानंतर पहिलं काम म्हणून मी सॉप्स, म्हणजे पासवर्डसारख्या गुप्त गोष्टी एन्क्रिप्ट करून कोडसोबत ठेवायचं साधन, लावायला घेतलं. आम्ही सात जण आहोत, कुबरनेटीसचे क्लस्टर (कंटेनर चालवणाऱ्या मशीनचे गट) दोन आहेत आणि गिटच्या रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, जे असेल ते फ्लक्स नावाचं साधन क्लस्टरवर लावतं.

आधी एक गैरसमज, जो आमच्यातही होता. कुबरनेटीसमध्ये 'सीक्रेट' नावाची वस्तू आहे, म्हणून तिची यॅमल फाइल रेपोत टाकली तरी चालते असं काहींना वाटतं. त्या फाइलमधल्या किमती (व्हॅल्यू, म्हणजे नावापुढे लिहिलेला पासवर्ड वगैरे) फक्त बेस६४मध्ये असतात आणि त्या उलगडायला कसलीच किल्ली लागत नाही. कंटेनर ज्या साच्यातून बनतो त्या इमेजमध्ये '.एन्व्ह' कॉपी करून पुढच्या ओळीत डिलीट करायची, हाही प्रकार तसाच. इमेजच्या आधीच्या लेयरमध्ये (थरात) ती फाइल जशीच्या तशी राहते आणि ज्याला इमेज मिळते त्याला ती मिळते.

सॉप्स २०१५ मध्ये मोझिलात सुरू झालं आणि २०२३ पासून ते सीएनसीएफकडे (क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन) आहे. मला त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते अख्खी फाइल कुलूपबंद करत नाही. नावं उघडी ठेवतं आणि फक्त किमती एईएस-२५६ने एन्क्रिप्ट करतं. त्यामुळे रिव्ह्यूला आलेल्या बदलात मला 'डीबी पासवर्ड'ची ओळ बदललेली दिसते आणि 'एसएमटीपी युजर'ला हात लागलेला नाही हेही दिसतं. गिट-क्रिप्ट या दुसऱ्या साधनात पूर्ण फाइल बंद असल्याने रिव्ह्यू करणाऱ्याला किल्लीशिवाय काहीच कळत नाही. शिवाय प्रत्येक किमतीसोबत फाइलमधली तिची जागाही बांधलेली असते. स्टेजिंगच्या (प्रॉडक्शनआधी चाचणी घ्यायच्या जागेच्या) पासवर्डची एन्क्रिप्ट केलेली ओळ उचलून मी मुद्दाम दुसऱ्या नावाखाली चिकटवून पाहिली, तर सॉप्सने ती उघडायला नकार दिला. एक बाब मात्र ध्यानात ठेवा, एन्क्रिप्ट झालेल्या मजकुरावरून मूळ किमतीची लांबी कळते. आमचा एक जुना आठ अक्षरी पासवर्ड त्यामुळेच डोळ्यांवर आला आणि आम्ही तो बदलला.

किल्ल्यांसाठी एज हे छोटं एन्क्रिप्शन साधन घेतलं. पीजीपी या जुन्या पद्धतीच्या तुलनेत ते शिकवायला अगदी सोपं. प्रत्येकाची एक जोडी असते, सार्वजनिक किल्ली रेपोतल्या '.सॉप्स.यॅमल'मध्ये आणि खाजगी आपापल्या मशीनवर. फ्लक्स वापरत असाल तर त्याच '.सॉप्स.यॅमल'मधल्या नियमात फक्त 'डेटा' आणि 'स्ट्रिंगडेटा' एवढंच एन्क्रिप्ट करायला सांगा. मी पहिल्या दिवशी हे विसरले, 'काइंड' आणि 'मेटाडेटा'सुद्धा एन्क्रिप्ट झालं आणि क्लस्टरला ती वस्तू काय आहे हेच ओळखता येईना. रोजच्या वापरात फाइल सॉप्सच्या एडिट कमांडनेच उघडा. वेगळी डिक्रिप्ट करून, बदलून पुन्हा एन्क्रिप्ट केली की सगळ्याच ओळी बदललेल्या दिसतात आणि रिव्ह्यूचा फायदा जातो.

तिसऱ्या महिन्यात आमच्याकडून चूक झालीच. एका सहकाऱ्याने नवी सीक्रेट फाइल साध्या एडिटरमध्ये लिहिली, एन्क्रिप्ट करायची राहिली आणि ती पुश झाली, म्हणजे सगळ्यांच्या रेपोत गेली. सॉप्स आपण हाक मारली तरच येतं, कमिट (गिटमधली बदलाची नोंद) अडवणं त्याच्या कामात बसत नाही. कमिट पुसण्यात आम्ही वेळ घालवला नाही, कारण तोवर ते आणखी तीन मशीनवर पोचलं होतं. सरळ त्या सेवेची एपीआय किल्ली रद्द करून नवी घेतली. त्याच संध्याकाळी दोन तपासण्या जोडल्या, एक कमिटच्या आधी आणि एक सीआयमध्ये, म्हणजे पुश झाल्यावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत. सीक्रेटची फाइल असेल आणि तिच्या शेवटी सॉप्सचा भाग नसेल, तर पुढे जायचं नाही. सॉप्स बसवताय, तर हे पहिल्याच दिवशी करा.

मर्ज कॉन्फ्लिक्टचा, म्हणजे दोघांचे बदल जोडताना गिट अडण्याचा, त्रास खरा आहे. प्रत्येक बदलासोबत फाइलच्या तळाची बदलाची वेळ आणि मॅक, म्हणजे सगळ्या किमतींवर मिळून मारलेली मोहर, या दोन ओळी बदलतात. दोघांनी एकाच फाइलमध्ये वेगवेगळ्या ओळी बदलल्या तरी गिट अडतं. हाताने जोडलं की किमती ठीक असतात पण मोहर जुळत नाही, आणि सीआयमध्ये सॉप्स फाइल उघडत नाही. मॅक तपासू नकोस असं सांगायचा पर्याय आहे, पण आम्ही तो कुणालाच वापरू देत नाही. मग एका बाजूची फाइल जशीच्या तशी घ्यायची आणि दुसऱ्याचा बदल सॉप्समधून पुन्हा करायचा. प्रत्येक सेवेची फाइल वेगळी केल्यापासून हा प्रसंग फारसा येत नाही.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसले ते. जानेवारीत टीममधला एक जण नोकरी बदलून गेला. चांगला माणूस, आजही बोलणं आहे. मी '.सॉप्स.यॅमल'मधून त्याची किल्ली काढली, सॉप्सचं अपडेटकीज (फाइल कोणाच्या किल्लीने उघडेल ती यादी नवी करणारी कमांड) चालवलं, कमिट केलं आणि काम संपलं असं समजले. दोन दिवसांनी टीममधल्या ज्येष्ठ ताईंनी विचारलं, "त्याच्याकडे रेपोची जुनी प्रत असेल तर?" मी एका जुन्या कमिटवर गेले. तिथे त्याची किल्ली यादीत होतीच, म्हणजे त्या दिवसापर्यंतचं सगळं त्याला वाचता येत होतं. त्याहून गंभीर पुढे होतं. किमती एन्क्रिप्ट होतात त्या फाइलच्या आतल्या डेटा कीने, आणि आपल्या एज किल्ल्या फक्त ती डेटा की बंद करतात. अपडेटकीज यादी बदलतं, पण आतली डेटा की तीच ठेवतं. जुन्या कमिटमधून कुणी ती काढून ठेवली असेल, तर त्यानंतर त्याच फाइलमध्ये घातलेले नवे पासवर्डही त्याला वाचता येतील.

म्हणून आता कुणी गेलं की क्रम ठरलेला आहे. किल्ली काढायची, अपडेटकीज चालवायचं, सॉप्सच्या रोटेटने डेटा की बदलायची, आणि मग खरे पासवर्ड बदलायचे. डेटाबेस, पेमेंट, ईमेल, सगळे. जानेवारीत आम्हाला त्याला पूर्ण दीड दिवस लागला, कारण कुठला पासवर्ड कोण वापरतं याची यादीच नव्हती. पासवर्ड बदलल्यावर पॉड (क्लस्टरमधले चालू कंटेनर) जुन्याच किमतीवर चालत राहतात हेही तेव्हाच कळलं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दिलेलं सीक्रेट पॉड पुन्हा सुरू झाल्याशिवाय बदलत नाही. आम्ही ते कस्टमाइझ या यॅमल तयार करणाऱ्या साधनाच्या सीक्रेट जनरेटरवर नेलं. किंमत बदलली की सीक्रेटच्या नावामागचा हॅश (किमतीवरून काढलेली खूण) बदलतो आणि नवे पॉड आपोआप येतात.

किल्ली हरवली तर? एजची खाजगी किल्ली ७४ अक्षरांची एकच ओळ असते. टीमची एक राखीव जोडी केली, तिची खाजगी किल्ली कागदावर छापून पाकिटात बंद केली आणि ऑफिसच्या तिजोरीत ठेवली. मार्चमध्ये एका नवीन मशीनवर ती कागदावरून टाइप करून फाइल उघडून पाहिली. दुसऱ्या प्रयत्नात उघडली, पहिल्या वेळी एक अक्षर चुकलं होतं. हा सराव करून बघितल्यापासून मला निवांत वाटतं.

आधी आम्ही सील्ड सीक्रेट्स हे कुबरनेटीससाठीचं दुसरं साधनही वापरून पाहिलं होतं. त्यात खाजगी किल्ली क्लस्टरमध्येच राहते आणि डेव्हलपरला सील केलेलं परत वाचता येत नाही, म्हणून माणूस गेल्यावरचा वरचा गुंता बराच कमी होतो. तुमचं सगळं क्लस्टरमध्येच चालत असेल, तर तेच घ्या असं मी म्हणेन. आम्हाला तीच सीक्रेट्स लॅपटॉपवर कंटेनर चालवणाऱ्या डॉकर कंपोजलाही लागतात, म्हणून सॉप्सवर राहिलो. क्लस्टरमध्ये पोचल्यावर मात्र सीक्रेट पुन्हा साधंच होतं, तेव्हा एटसीडीचं (क्लस्टरच्या आतल्या डेटाबेसचं) एन्क्रिप्शन आणि कोणाला काय वाचता येतं याची परवानगी वेगळी बघावी लागते.

एजमध्ये एक उणीव राहतेच, कोणी कधी फाइल उघडली याची कुठेच नोंद होत नाही. म्हणून प्रॉडक्शनच्या फाइलींसाठी एजऐवजी क्लाउडमधली केएमएस (किल्ल्या सांभाळणारी सेवा) किल्ली वापरून पाहतोय. तिथे प्रत्येक डिक्रिप्टची नोंद ठेवता येते आणि माणूस गेला की त्याची परवानगी एका जागी काढता येते, मग जुनी प्रत हातात असली तरी किल्लीच मिळत नाही. आधी काढून ठेवलेली डेटा की मात्र यानेही परत घेता येत नाही, म्हणून रोटेटची पायरी यादीत राहणारच. दोन सेवा हलवून झाल्यात, स्टेजिंग एजवरच ठेवणार आहोत.