लेअर (अंडी देणाऱ्या) कोंबड्यांसाठी घेतलेली प्रोबायोटिक पावडर : दोन महिन्यांच्या वापरानंतर

मक्याचा भाव चढल्यापासून आमच्या खाद्यात तुकडा गहू, भाताचा तेल काढलेला कोंडा आणि सूर्यफूल पेंड यांचे प्रमाण वाढले, आणि त्याबरोबर पिंजऱ्यांखाली ओली, चिकट विष्ठाही वाढली. गव्हातील अरॅबिनोझायलन हा तंतुमय पदार्थ आतड्यात घट्ट, बुळबुळीत द्रव तयार करते; तो तोडणारी विकरे (एन्झाइम) कोंबडीच्या शरीरात तयार होत नाहीत. म्हणून अशी विकरे तयार करू शकणाऱ्या बॅसिलस या उपयुक्त जिवाणूंची ही पावडर खाद्यात मिसळून घेतली. समान वयाच्या दोन शेडपैकी एकाच शेडला ती दिली. बाकी खाद्य दोन्हीकडे तेच ठेवले.

तिसऱ्या आठवड्यापासून त्या शेडमधील विष्ठा स्पष्टपणे कोरडी दिसू लागली, अमोनियाचा उग्र वास कमी झाला आणि मळकी अंडी कमी निघू लागली. अंड्यांच्या संख्येत मात्र मला फरक आढळला नाही. दळलेल्या खाद्यात पावडर नीट मिसळते. गोळी खाद्य करणाऱ्यांनाही बॅसिलसचे बीजाणू (जिवाणूचे टिकाऊ, सुप्त रूप) सोयीचे, कारण ते गोळी करतानाची उष्णता सोसतात, जे लॅक्टोबॅसिलस या दुसऱ्या प्रोबायोटिक जिवाणूला सहसा जमत नाही.

माझी तक्रार विक्रेत्याच्या एका दाव्याबद्दल आहे. ‘जनुक बदललेले जिवाणू आहेत, तूसही पचवतात’ असे त्याने सांगितले होते. डब्यावर तसा कोणताही उल्लेख नाही. २००५ साली तैवानच्या शास्त्रज्ञांनी गुरांच्या पोटातील सूक्ष्मजीवांची तंतू तोडणारी जनुके लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीमध्ये घालून दाखवली, हे खरे आहे आणि मला ते काम फार आशादायक वाटते. परंतु असे जिवाणू शेतात वापरायचे तर आपल्याकडे १९८९ च्या नियमांनुसार शासनाच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची मंजुरी लागते. शिवाय खाद्य कोंबडीच्या आतड्यातून काही तासांतच पुढे सरकते, त्यामुळे तुसातील सेल्युलोज जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. पक्ष्यांच्या आरोग्याशी संबंधित वस्तूबद्दल इतके सैल बोलणे मला मान्य नाही.

डब्यावर जिवाणूंच्या वाणाचा क्रमांक नाही, आणि जिवंत जिवाणूंची संख्या फक्त उत्पादनाच्या दिवसाची दिली आहे. वापराच्या अंतिम तारखेला किती उरतील, हे छापायला हवे होते. खाद्यात गहू जास्त असेल तर मी ही पावडर पुन्हा घेईन. केवळ मका आणि सोया पेंडीवर पक्षी असतील, तर तेवढा खर्च करणार नाही.