स्पायरलवाला सराव संच: कंपायलरसाठी घ्या, नेटवर्किंगच्या भरवशावर नको

नांदेडला आमच्या कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवर कंपायलर (प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) डिझाइन आणि कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या बहुपर्यायी प्रश्नांचा एक स्पायरल संच मिळतो. किंमत 140 रुपये, कव्हरवर काढणाऱ्याचं नाव नाही. चाळायला घेतला तर दुकानदार म्हणतो, "बघायचं काय त्यात दादा, सगळे हेच न्यायलालेत की!"

कंपायलरचा भाग वर्गात शिकवून मुरलेल्या माणसानं काढलाय, हे लगेच कळतं. "उत्तर: ब" लिहून मोकळा होत नाही, बाकीचे तीन पर्याय का नाहीत तेही सांगतो. एलएएलआरचाच (प्रोग्रामचं व्याकरण तपासायची, म्हणजे पार्सिंगची एक पद्धत) प्रश्न घ्या. सीएलआर या तिच्या मोठ्या बहिणीच्या स्टेट्स एकत्र केल्यावर नवा शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट (पुढचं चिन्ह घ्यायचं की जमलेलं नियमात गुंडाळायचं, हा पेच) येतो का? येत नाही, हे सगळ्यांचं पाठ असतं. इथं कारण दिलंय: शिफ्टला लुकअहेडशी (नियमासोबत नोंदवलेल्या पुढच्या चिन्हाशी) देणंघेणं नसतं, आणि जोडलेल्या स्टेट्सचा कोअर (लुकअहेड सोडून उरलेला भाग) सारखाच असतो. म्हणजे भांडण दिसलंच तर ते आधीही त्यातल्या एकीत होतंच. रिड्यूस-रिड्यूस (दोन नियमांपैकी कोणत्यात गुंडाळायचं, हा पेच) मात्र नव्यानं येऊ शकतो, कारण लुकअहेड मिसळतात. एवढ्या चार ओळींतच माझे पैसे वसूल झाले.

छपाई मात्र झेरॉक्सची झेरॉक्स. ई → ई + टी | टी मधलं लेफ्ट रिकर्शन (नियमाची उजवी बाजू स्वतःपासूनच सुरू होणं) काढलं की ई → टी ई′ आणि ई′ → + टी ई′ | एप्सिलॉन (म्हणजे काहीच नाही) असं हवं. माझ्या प्रतीत ई′ वरचा डॅशच उडालाय, एप्सिलॉनच्या जागी चौकोन. ज्युनिअर पोरं तसंच वहीत उतरवून घेतात आणि मग एलएल(1) या दुसऱ्या पार्सिंग पद्धतीचं टेबल का बसेना म्हणून डोकं धरतात.

नेटवर्किंगचा भाग दुसऱ्याच कुणीतरी घाईत चिकटवलाय. /26 च्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या छोट्या तुकड्यात) होस्ट, म्हणजे जोडता येणारी यंत्रं किती, तर उत्तर 64! नेटवर्क आणि ब्रॉडकास्टचे दोन पत्ते कुठं गेले? 62 हवेत. गो-बॅक-एनमध्ये (हरवलेल्या फ्रेमपासून पुढचं सगळं पुन्हा पाठवायची पद्धत) 3 बिटांच्या, म्हणजे 0 ते 7 सिक्वेन्स नंबरला विंडो (पोचपावतीची वाट न बघता पाठवता येणाऱ्या फ्रेम) 8 दिलीय, ती 7 पाहिजे. 8 फ्रेम पाठवल्या, सगळे अ‍ॅक (पोचपावत्या) हरवले, तर परत आलेली 0 जुनी की नवी हे रिसीव्हरला कळणार कसं? ओएसआय या नेटवर्क मॉडेलचे सात थर तेवढे चार वेळा विचारलेत.

गेटवाल्यांनो (एम.टेक.च्या प्रवेशाची गेट परीक्षा देणाऱ्यांनो), या संचातले सगळे प्रश्न एकच बरोबर पर्याय असलेले आहेत. गेटमध्ये आकडा लिहायचे प्रश्न असतात, 2021 पासून एकाहून जास्त बरोबर पर्यायांचेही. नेटवर्किंगला गेटचे जुने पेपर फुकट मिळतात, तेच सोडवा.

अर्धा संच वेगळा देत नाहीत, मी विचारलं. घेताना लेफ्ट रिकर्शनचं पान काउंटरवरच उघडा. डॅश दिसत नसेल तर दुसरी प्रत मागा, कुरकुरत का होईना, देतात.