खाऱ्या हवेत पद्मिनीचा पत्रा: दोन पावसाळ्यांनंतर काय टिकलं, काय उखडलं

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. मुक्काम अलिबाग, समुद्र दीड किलोमीटरवर, डोक्यावर शेड आहे पण भिंती नाहीत. पत्रा कापणं-जोडणं, इपॉक्सी प्रायमर, पुट्टी आणि सगळी घासाई घरी, नोव्हेंबर ते मार्च. सरफेसर (रंगाखाली मारून घासायचा थर) आणि वरचा रंग गॅरेजच्या बंद बूथमध्ये. त्यानंतर गाडीने दोन पावसाळे काढले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर सीट, मॅट, बीडिंग सगळं काढलं, सिलच्या (दरवाजांखालच्या पोकळ पट्टीच्या) आत मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा घातला. त्यात जे दिसलं, त्यावरून हा अभिप्राय. नवा रंग चकाकत असताना सगळीच कामं चांगली दिसतात, म्हणून इतके महिने थांबलो.

आधी निकाल सांगतो. सगळ्यात जास्त आशा गंज कन्व्हर्टरवर (गंजावर मारायच्या आम्लाच्या द्रावणावर) होती, त्याने सगळ्यात कमी साथ दिली. सगळ्यात दुर्लक्षित वस्तू, म्हणजे पोकळ भागांत मारायचं मेण, तिने सगळ्यात जास्त दिली. बाकी सगळं या दोन टोकांच्या मध्ये.

गंज पोपड्याच्या रूपात बाहेर दिसतो तेव्हा तो आतल्या बाजूने पत्रा खाऊन आलेला असतो. पद्मिनीत बघायच्या जागा ठरलेल्या: रबरी मॅटखालचा नमदा (हा पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवतो), दोन्ही सिल, पुढच्या मडगार्डची मागची खालची बाजू जिथे चिखल साचतो, दरवाजांचे तळ, काचेच्या बीडिंगचे खालचे कोपरे, बॅटरीचा ट्रे आणि डिकीत स्टेपनीखालचा खड्डा. बोथट स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून बघा. टणटण वाजलं तर पत्रा आहे, भद्द वाजलं तर नाही. पातळ लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे आधीच्या कुणीतरी पुट्टी भरलेली असते. आमच्या डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर पुट्टीचा थर ९ मिलिमीटर निघाला आणि त्याखाली फायबरची जाळी. भोकावर फायबर आणि वर पुट्टी हा उपाय गाडी विकेपर्यंत टिकतो, बहुधा तेवढ्यासाठीच केलेला असतो.

रंग खरवडायला तीन गोष्टी वापरल्या. अँगल ग्राइंडरचा वायर ब्रश दिसायला झटपट काम करतो, पण खड्ड्यातला गंज तो काढत नाही, घासून चकचकीत करतो. पत्रा चांदीसारखा दिसतो आणि खड्ड्याच्या तळाशी तपकिरी ठिपका तसाच. फ्लॅप डिस्क उलट, गंजासोबत पत्राही नेते आणि तापवते. बॉनेटसारख्या सपाट भागावर ती लावली की पत्र्याला लाट येते. जाळीदार नायलॉनची स्ट्रिप डिस्क सगळ्यात उपयोगी ठरली. चार इंची ग्राइंडरवर, वेग कमी ठेवून, एका दरवाजाला साधारण एक डिस्क संपते. सँड ब्लास्टिंग फक्त सस्पेन्शनच्या जाड भागांना करून घ्या. टप (छत) आणि बॉनेट ब्लास्टिंगला दिलं तर वाकडं होऊन येण्याची शक्यता मोठी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडी धूळ उडवत बसू नका: मास्क, ओलं फडकं, आणि लहान मुलांना त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही.

आता कन्व्हर्टर. बाजारात मिळतात ते बहुतेक फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचे. आम्ल गंजाशी संयोग पावून त्याचं फॉस्फेट किंवा टॅनेट करतं, म्हणून गंज काळा पडतो. पण ते पोचतं तिथपर्यंतच. खपल्या धरलेला गंज थरांचा असतो. वरचा थर काळा होतो आणि खालचा आपलं काम चालू ठेवतो. डिकीच्या झाकणाच्या आतल्या पट्ट्यांवर, जिथे घट्ट, पातळ, लालसर थर होता, तिथे आजही काही नाही. फ्लोअरवर जिथे खोल खड्डे होते आणि ‘आता कापत कशाला बसायचं’ असं म्हणून फक्त कन्व्हर्टर मारला, तिथे पहिल्याच पावसाळ्यात कडेने फुगवटा आला. ते चार बाय सहा इंचांचं तुकडं शेवटी कापावंच लागलं.

दुसरा घोळ जास्त महत्त्वाचा. उजव्या दरवाजाच्या तळाला, दुमडलेल्या कडेत, फॉस्फोरिक आम्ल राहून गेलं आणि वर इपॉक्सी मारला. आठ महिन्यांनी इपॉक्सी नखाने सालासारखा निघाला. इपॉक्सीला आम्लाचा अवशेष खपत नाही. आम्ल वापरलंच तर ते ओलं असतानाच पाण्याने भरपूर धुवा, हीट गनने लगेच सुकवा, ८० नंबरच्या सँडपेपरने घासा, आणि दुमडलेल्या कडांत ते जाऊच देऊ नका. बिजागऱ्या, ब्रॅकेट अशा सुट्या तुकड्यांना सायट्रिक आम्ल बरं: लिटरला ५० ते १०० ग्रॅम, रात्रभर बुडवून, सकाळी ब्रशने घासून धुवायचं. किराणा दुकानातलं लिंबूफूल चालतं. स्प्रिंगसारखे कडक पोलादी भाग मात्र आम्लात घालू नका, ते ठिसूळ होऊ शकतात.

कापण्याआधी एक गोष्ट. पद्मिनीला वेगळी चासी नाही. फ्लोअर, सिल आणि पुढचे बॉक्स हाच तिचा कणा. सिल कापायच्या आधी दरवाजाच्या चौकटीत २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप आडवा टाके मारून घ्या. एका वेळी एकच बाजू. गाडीचं वजन सस्पेन्शनवर असू द्या, मधोमध जॅक लावून कापू नका. प्रत्येक टप्प्यावर दरवाजा लावून फट बघा. दरवाजा लागत नाहीसा झाला की मग पाइप घालण्यात अर्थ नसतो.

पत्रा सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड. मूळ पत्रा निरोगी जागी व्हर्नियरने मोजून तेवढाच घ्या. बाहेरच्या भागांना आम्ही २० गेज (०.९ मिमी) आणि सिलच्या आतल्या भागाला १८ गेज (१.२ मिमी) वापरला. आठ बाय चारचं २० गेजचं एक शीट साधारण २१ किलो भरतं आणि फ्लोअरच्या दोन्ही बाजू धरून एकात काम भागलं. जीआय पत्रा गंजत नाही म्हणून मोह होतो, पण वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो, टाका सच्छिद्र येतो, आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो तो त्याच धुराचा.

मिग वेल्डिंग मशीनला ०.८ मिमीची तार आणि सीओटू गॅस, मिनिटाला ८ ते १० लिटर. सुरुवातीला बिनगॅसची फ्लक्सवाली तार वापरून पाहिली. २० गेजवर ती फार उडते आणि भोकं पाडते. जाड ब्रॅकेटला ठीक, बॉडीला नको. सांधा टोकाला टोक भिडवून करायचा, मध्ये पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवून. एकावर एक चढवलेला सांधा सोपा असतो, पण त्या दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहतं आणि पाच वर्षांनी तीच जागा पुन्हा उघडावी लागते. जिथे चढवणं टाळता येत नाही, तिथे दोन्ही आतल्या पृष्ठभागांना जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर. टाके इंचभर अंतरावर, एक इथे तर पुढचा हातभर लांब. ओळीने मारत गेलात की पत्रा पापडासारखा वळतो. हात लावून कोमट लागला की पुढचा टाका. एका फ्लोअरला दोन रविवार गेले आणि त्यातला निम्मा वेळ थंड होण्याची वाट बघण्यातला.

त्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून लांब न्या, नमदा काढा, पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी. आणि ज्या पत्र्यावर वेल्डिंग करायचं तो क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने कधीही पुसू नका. ज्योतीच्या उष्णतेत आणि किरणांत त्यापासून फॉस्जीन तयार होतो. तो विषारी वायू आहे.

इपॉक्सी प्रायमरला पैकीच्या पैकी. वरचा दरवाजाचा घोळ आमचा होता. कोकणात उघडा पत्रा दुपारपर्यंत लाल पडतो, म्हणून एक भाग खरवडायचा आणि त्याच दिवशी त्याला इपॉक्सी द्यायचा, सगळी गाडी एकदम उघडी करायची नाही. डब्यावरचं प्रमाण मापाच्या पेल्यात मोजा, अंदाजाने नको. मिसळल्यावर डब्यावर लिहिला असेल तेवढा वेळ, बहुधा वीसेक मिनिटं, तसंच ठेवा. १.४ मिमी तोंडाची स्प्रे गन, दोन हात, मध्ये पंधरा-वीस मिनिटं. दोन एचपीचा कॉम्प्रेसर पुरला, पण हवेतलं पाणी हा इथला खरा शत्रू. वॉटर ट्रॅप टाकीला चिकटवून लावला तर हवा गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपात पार निघून जातं. मध्ये सात-आठ मीटर नळी, तिचं वेटोळं पाण्याच्या बादलीत, त्यानंतर ट्रॅप. टाकीचं पाणी दर अर्ध्या तासाला सोडा. सकाळी पत्र्यावर दव असेपर्यंत गन उचलू नका. फ्लोअर आणि सिलच्या आतल्या बाजू धरून सगळ्या गाडीला मिश्रण साडेपाच लिटर लागलं.

रेड ऑक्साइडबद्दल दोन शब्द, कारण गॅरेजमध्ये अजून तोच सुचवतात. तो पाणी शोषतो आणि वर टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगाचा थिनर पडला की सुरकुततो. गेटला ठीक आहे.

पुट्टी, जुन्या कारागिरांच्या भाषेत लांबी, इपॉक्सी वाळल्यावर १२० ते १८० नंबरने खरडून त्यावर. हार्डनर वजनाने दोन टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. कमी पडला तर पुट्टी चिकट राहते, जास्त झाला तर महिन्यांनी फिक्या रंगातून डाग वर येतो. मार्चच्या दुपारी हातात जेमतेम चार मिनिटं मिळतात, म्हणून लिंबाएवढाच गोळा कालवायचा. एका थरात ३ मिलिमीटरच्या वर नको. हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) पत्रा आधी जितका सरळ कराल तितकी पुट्टी कमी. घासणं कोरडंच: ८०, १२०, १८०, लांब ठोकळ्यावर, तिरक्या हाताने. पाणी लावून घासू नका. पुट्टी पाणी पिते आणि ते रंगाखाली अडकतं. बारीक टोचे भरायला टू-के फिनिशिंग पुट्टी घ्या, ट्यूबमधली एनसी (नायट्रोसेल्युलोजची) नको. ती थिनर उडेल तशी खाली बसत राहते.

सरफेसर घरी न मारण्याचं कारण हार्डनर. पीयू (पॉलियुरेथेन) सरफेसर आणि रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. त्याला भरवशाचा वास नसतो, त्यामुळे कार्बन कार्ट्रिजचा मास्क निकामी झालाय हे कळतच नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा, तो घरी नव्हता. इपॉक्सीच्या हार्डनरनेही कातडीला ॲलर्जी होते, नायट्राइल हातमोजे विसरू नका. बूथमधून सरफेसर मारून गाडी परत आणली, काळी पावडर गाइड कोट म्हणून फासली आणि ३२०, मग ४००, शेवटी ६०० वॉटर पेपर. काळं राहिलं तिथे खड्डा, पत्रा दिसला तिथे उंचवटा. सरफेसर तिसऱ्याच दिवशी घासायला घेतला, ही घाई नडली. उजव्या मडगार्डवर चार महिन्यांनी पुट्टीची कड नकाशासारखी उमटली. आठवडाभर उन्हात ठेवायला हवं होतं.

रंग मूळचाच ठेवलाय. बदलायचा असेल तर आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आणखी एक: २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते, पण बॉडी शेलमध्ये मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. म्हणून तुकडे मूळ आकाराचेच बसवा आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा.

सांधे भरायला पीयू सीम सीलर, इपॉक्सीच्या वर. सिलिकॉन कुठेच नको, त्यावर रंग धरत नाही. गाडीखाली एका बाजूला डांबरी अंडरकोट आणि दुसऱ्या बाजूला इपॉक्सीवर मेणाचा थर असा मुद्दाम फरक ठेवला होता. डांबरी थर दुसऱ्या पावसाळ्यानंतर चाकाच्या कमानीपाशी तडकला, त्याखाली ओल होती आणि ती वरून दिसत नव्हती. मेणाचा थर खडीने झिजतो, पण झिजलेला दिसतो आणि पुन्हा मारता येतो. पावसाळ्यापूर्वी जुनं इंजिन ऑइल फवारायची पद्धत रबरी बुश खाते, ती सोडाच.

पोकळ भागांसाठीचं मेण रंग झाल्यावर मारायचं, आधी मारलं तर बूथमध्ये रंगाला डोळे (गोल खळगे) पडतात. चहूबाजूंनी फवारणारी लांब नळी हवी. साध्या कॅनने एकच भिंत भिजते. दोन्ही सिल, चारी दरवाजे आणि डिकीच्या पट्ट्या मिळून अडीच लिटर गेलं. कॅमेऱ्यात सिलच्या आत आजही ओलसर पिवळट थर सलग दिसतो, गंजाचा एकही ठिपका नाही. एप्रिल-मेमध्ये ते वितळून थेंब गळतात, फरशीवर डाग पडतात, खाली पुठ्ठा टाकावा लागतो. मात्र मेण मारताना पाणी निघायची भोकं बुजतात. डाव्या मागच्या दरवाजात तसंच झालं आणि पहिल्या पावसात वळणावर आतलं पाणी खळखळ वाजायला लागलं. मेण मारल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येक भोकात सायकलची तार घालून बघायची. यंदा मेच्या शेवटी पुन्हा अर्धा लिटर मारायचंय, दरवाजांच्या तळांना आधी.