तिरुपती-कोल्हापूर टूर, ठाण्याहून : ऑफिसला दोन स्टार, सोबत आलेल्या पोराला पाच

टूरवाल्यांचं नाव लिहीत नाही, कारण ऑफिस आमच्या पाचपाखाडीतच आहे आणि मला रोज त्यांच्या दारावरूनच भाजीला जायचंय. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आम्ही तिघं गेलो होतो, मी, हे आणि सासूबाई (वय ७४, गुडघे सोडले तर ठणठणीत). ठाण्याहून संध्याकाळची चेन्नईची गाडी, दुसऱ्या दिवशी रेणिगुंट्याला उतरायचं, दोन रात्री तिरुपतीत, मग हरिप्रिया एक्सप्रेसने कोल्हापूर आणि तिथून महालक्ष्मीने परत. दर्शनाचं ३०० रुपयांचं तिकीट पॅकेजमध्येच.

आधी तक्रारी उरकून घेते. हॉटेलला लिफ्ट आहे सांगितलं होतं, लिफ्ट होती, बंद होती. जेवण ‘महाराष्ट्रीयन’ म्हणजे तीन दिवस तीच बटाट्याची भाजी, फक्त रंग वेगळा, आणि पोळ्या अशा की आई म्हणाल्या ह्याच्यापेक्षा मी रांगेत मिळालेला सांबारभात खाईन, आणि खरंच त्यांनी तोच खाल्ला. गाडीत आमच्या तीन सीट तीन डब्यांत. हे सगळं मी सोडून देते, ग्रुप टूर म्हटलं की असं होतंच.

पण दोन गोष्टी नाही सोडणार.

एक म्हणजे गजरा. आईंनी ठाणे स्टेशनबाहेरून मोगऱ्याचे गजरे घेतले होते, ओल्या रुमालात गुंडाळून, बाटलीतलं पाणी शिंपडत दीड दिवस जपले, देवाला जायचं म्हणून. वर तिरुमलेला, म्हणजे बालाजीच्या डोंगरावर, डोक्यात फूल माळायचं नसतं, तिथली सगळी फुलं देवाची, असा पूर्वीपासूनचा नेम आहे. हे ऑफिसमध्ये कुणी सांगायला नको? पुरुषांनी धोतर किंवा कुर्ता-पायजमा, बायकांनी साडी किंवा ओढणीसकट ड्रेस, मोबाईल बाहेर, एवढं सगळं व्हॉट्सअॅपवर टाकलं आणि नेमकं हेच नाही. बस घाट चढायला लागली तेव्हा सोबतच्या पोराच्या लक्षात आलं, तो बिचारा ओशाळून म्हणाला, "आजी, गजरा काढून ठेवा, नंतर घाला." आईंनी काढला, परत रुमालात बांधला, एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र असा राग आला ना.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी, वराहस्वामी, म्हणजे विष्णूचा वराह अवतार. देवळाशेजारच्या तळ्याच्या, पुष्करिणीच्या काठावर त्यांचं देऊळ आहे आणि रीत अशी की आधी त्यांचं दर्शन, मग बालाजीचं. कारण डोंगर मूळचा वराहस्वामींचा. श्रीनिवास, म्हणजे आपला बालाजी, तिथे आला तेव्हा राहायला जागा मागितली आणि भाडं द्यायला काही नव्हतं, म्हणून शब्द दिला की माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिलं दर्शन तुमचं घेईल, पहिली पूजा आणि पहिला नैवेद्यही तुम्हाला. म्हणजे देव भाडेकरू, आणि आम्ही मालकाला न विचारता थेट वर! ऑफिसने दर्शनाचा स्लॉट असा घेतला होता की आधी वेळच नव्हता, आणि नंतर म्हणे बस निघायचीय. परत आल्यावर विचारायला गेले तर उत्तर काय, "मॅडम, ते आयटनरीत नव्हतं." बरोबर आहे, आयटनरीत बटाट्याची भाजी पण नव्हती.

आता पाच स्टार कशाचे ते. टूर मॅनेजर म्हणून एक पंचविशीचा मुलगा दिला होता, बोलणं आपलं साधं, अधूनमधून घसा साफ करायची सवय. दर्शनाच्या रांगेत ज्या हॉलमध्ये बसवून ठेवतात, त्या कंपार्टमेंटमध्ये आम्ही चार तास बसलो. हो, ३०० च्या तिकिटावरसुद्धा. गरम दूध येत होतं, लहान मुलं रडत होती, एक काका ऑफिसला शिव्या घालायच्या बेतात होते, आणि हा उठला आणि गोष्ट सुरू केली.

सुरुवात भृगू ऋषींपासून. यज्ञाचं फळ कुठल्या देवाला द्यायचं ते ठरवायला हे परीक्षा घ्यायला निघाले, वैकुंठात आले आणि विष्णूच्या छातीवर लाथ मारली. विष्णू उलट त्यांचाच पाय चेपत बसले. पण छाती म्हणजे लक्ष्मीची जागा, ती म्हणाली माझा अपमान झाला आणि तुम्ही त्याचे पाय चेपताय, आणि रुसून निघाली ती थेट करवीरला, म्हणजे आपल्या कोल्हापूरला. (इथे आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या.) मागोमाग विष्णू खाली आले, वारुळात राहिले, एक गाय रोज येऊन वारुळावर दूध सोडायची, गुराख्याने चिडून कुऱ्हाड मारली ती देवालाच लागली. मग वकुळामाईने सांभाळलं, पुढे आकाशराजाच्या पद्मावतीशी लग्न ठरलं आणि लग्नाला पैसे नाहीत. कुबेराकडून कर्ज काढलं, ते अजून फिटतंय, कलियुग संपेपर्यंत फिटणार, हुंडीत आपण जे टाकतो ते त्याचं व्याज. माझ्यामागे बसलेले एक गृहस्थ पटकन म्हणाले, "म्हणजे आमच्या फ्लॅटसारखंच." सगळं कंपार्टमेंट हसलं, तेलुगू मंडळी पण हसली, कशाला ते त्यांनाही माहीत नसेल.

खाली गावातल्या गोविंदराज स्वामींचं त्याने आदल्या दिवशी देवळातच सांगितलं होतं. तिथे देव आडवा झोपलेला आहे. का, तर हे थोरले भाऊ, कुबेराचे पैसे मापाने मोजून द्यायचं काम ह्यांच्याकडे, मोजून मोजून इतके दमले की तेच माप उशाला घेऊन झोपले. मग नीलादेवी नावाच्या गंधर्वकन्येचं, देवाच्या डोक्यावर त्या कुऱ्हाडीच्या जखमेपाशी केस गेलेले पाहून तिने स्वतःचे केस कापून दिले, म्हणून आपण तिथे केस देतो. आमच्या ह्यांनी पण दिले, आता ऑफिसात सगळे विचारतायत काय झालं म्हणून. हाथीरामजी बाबांचंही सांगितलं, ज्यांच्याशी बालाजी रात्री फासे खेळायला यायचा, आणि ज्यांना खोलीभर ऊस एका रात्रीत संपवायला लावला तेव्हा हत्ती येऊन खाऊन गेला. त्यांच्या मठाकडे १८४३ ते १९३३ देवळाचा कारभार होता, ही गोष्ट नाही हं, हा इतिहास.

पण मला लक्षात राहिली ती अनंताळ्वारांची. रामानुजाचार्यांचे शिष्य, गुरूंच्या सांगण्यावरून देवासाठी फुलबाग करायला डोंगरावर राहिले. बागेला पाणी हवं म्हणून तळं खणायला घेतलं, हे खणायचे आणि गरोदर बायको टोपलीने माती टाकून यायची. एक मुलगा आला, म्हणाला मी मदत करतो. ह्यांनी हाकलला, सेवा आमची आहे, तुझी कशाला. तो आडून बायकोची टोपली घ्यायला लागला. ही इतक्या लवकर कशी परत येते म्हणून ह्यांनी बघितलं आणि रागाच्या भरात हातातली पहार फेकली, ती मुलाच्या हनुवटीला लागली. मुलगा पळाला. देवळात जाऊन बघतात तर मूर्तीच्या हनुवटीतून रक्त. म्हणून आजही तिथे कापूर लावतात, आणि ती पहार महाद्वारात भिंतीला लावलेली आहे, आत शिरताना वर बघा म्हणाला.

आम्ही बघितली. काळी, साधी, आपल्याकडे रस्ता खणायला असते तशीच.

गाभाऱ्यासमोर काय होतं ते जाऊन आलेल्यांना माहितीय. "जरगंडी, जरगंडी" करत पुढे ढकलतात, दोन सेकंद, फार तर तीन. मी गडबडीत मुकुट बघू की डोळे करत बसले आणि धड काहीच दिसलं नाही. बाहेर आल्यावर आईंना विचारलं, दिसलं का हो? त्या म्हणाल्या, "हनुवटी बघितली. पांढरी आहे." एवढंच. मग पायरीवर टेकल्या आणि लाडू दे म्हणाल्या.

लाडवाचं थोडक्यात: एक फुकट मिळतो, जास्तीचे ५० रुपयाला एक, २००९ पासून त्याला जीआय टॅग आहे. पिशवी तिथेच घ्या, आणि ट्रेनमध्ये वरच्या बर्थवर ठेवू नका, तुपाचे डाग जात नाहीत.

तिरुपतीजवळच तिरुचानूरला पद्मावतीचं दर्शन शांतपणे झालं. मग हरिप्रिया. नाव बघा, हरीची प्रिया, आणि गाडी जाते तिरुपतीहून कोल्हापूरला, हे मला त्या पोराने सांगेपर्यंत कधी डोक्यातच आलं नव्हतं. बालाजीनंतर कोल्हापूर केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही म्हणतात, आणि नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला शालूही येतो. पण कोल्हापूरला महाद्वारापाशी हार घेताना मी ही रुसव्याची गोष्ट फुलवाल्या मावशींना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "रुसून कशाला येतीय? आमची अंबाबाई सोता जगदंबा हाय, मागं सिंह दिसला न्हाई का?" मी गप्प. आईंनी मात्र त्यांच्याचकडून मोठा गजरा घेतला, तिथेच माझ्याकडून माळून घेतला आणि महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये झोपतानासुद्धा काढला नाही.

तर ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: ऑफिसवाले ‘वराहस्वामी आधी’ हे लिहून देत असतील तरच पैसे भरा, आणि बुकिंग करताना विचारा सोबत कोण येणार आहे. घसा साफ करत बोलणारा मुलगा असेल तर लिफ्टचं बघू नका. आमच्या आईंचं म्हणणं, मालकाला न भेटता आलो म्हणजे दर्शन अर्धंच झालं, त्यामुळे डिसेंबरमध्ये परत जायचंय. मी उद्या ऑफिसला जाऊन त्या मुलाची तारीख विचारणार आहे.