देमाची फुताबाची मामे मोची : दहा महिने खाल्ल्यानंतर

क्योतोला राहायला येऊन दहा महिने झाले. या काळात देमाची फुताबा या मिठाईच्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी जाणं झालंच. पहिल्या भेटीनंतर लगेच लिहायला बसले असते, तर चुकीचंच लिहिलं असतं. तेव्हा मी सहा मोची घरी आणल्या, फ्रीजमध्ये ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाबरोबर काढल्या. दाताखाली रबर आल्यासारखं वाटलं. एवढी माणसं यासाठी रांगेत का उभी राहतात, हे मला कळेना.

चूक माझी होती. मोची म्हणजे मोचिगोमे हा चिकट तांदूळ भिजवून, वाफवून, गरम असतानाच कुटून केलेला गोळा. या तांदळाच्या स्टार्चमध्ये जवळजवळ सगळं अमायलोपेक्टिन, म्हणजे स्टार्चचा चिकट प्रकार असतो, म्हणून तो असा ताणला जातो. पण गार झाला की तोच स्टार्च पुन्हा घट्ट व्हायला लागतो, आणि फ्रीजमध्ये तर फारच लवकर. रात्रीचा भात फ्रीजमध्ये ठेवला की सकाळी कसा कडक होतो, तसंच. पाकिटातली मोची दिवसचे दिवस मऊ राहते, कारण तिच्या पिठात भरपूर साखर घोटलेली असते आणि ती साखर पाणी धरून ठेवते. इथली मोची मात्र ज्या दिवशी घेतली त्याच दिवशी खायची.

दुकान 1899 सालचं. देमाचियानागी स्टेशनवर उतरून नदीवरचे दोन पूल ओलांडले की कावारामाची रस्त्यावर, देमाची मासुगाता बाजाराच्या तोंडाशी ते दिसतं. आत बसायला जागा नाही, रस्त्याकडे उघडा कौंटर आहे. रांग पुढे सरकते तसे कौंटरमागचे हात दिसायला लागतात, आणि मला ते बघायला फार आवडतं. मोचीचा तुकडा तळहातावर पसरायचा, मध्ये आंकोचा, म्हणजे कडधान्याच्या गोड सारणाचा गोळा ठेवायचा, कडा ओढून मिटवायच्या आणि मिटलेली बाजू खाली करून गोळा ट्रेमध्ये ठेवायचा. मोदकाला कळ्या पाडून आपण तोंड वर घेतो. इथे तोंड झाकून टाकतात आणि वर दिसतात ते फक्त दाणे.

हे दाणे म्हणजेच मामे मोचीचा जीव. लाल वाटाणा आहे हा, कोकणातल्या आपल्या काळ्या वाटाण्याचा भाऊच म्हणा. मिठात शिजवून तो अख्खाच मोचीत मिसळतात. आतला आंको अझुकीचा. अझुकी हे मूग-चवळीच्या घराण्यातलं कडधान्य. साल काढून, गाळून केलेला हा आंको पुरणापेक्षा कितीतरी गुळगुळीत असतो. पहिल्या घासाला जिभेला मीठ लागतं, मग दाणा दाताखाली फुटतो आणि गोडवा सगळ्यात शेवटी येतो, तोही बेताचा. सुरुवातीला मला गोड कमी वाटायचं. आता घरून आलेली बर्फी एका तुकड्याच्या पुढे जात नाही.

शाकाहारी मंडळी नेहमी विचारतात म्हणून सांगते: तांदूळ, वाटाणा, अझुकी, साखर, मीठ. अंडं, दूध, जिलेटिन यांचा संबंध नाही.

खायची जागा नदीकाठ. दुकानापासून चालत दोन-तीन मिनिटांवर कामो आणि ताकानो या नद्यांचा संगम आहे, पाण्यात कासवाच्या आकाराचे दगड टाकलेले आहेत, पोरं त्यावरून उड्या मारत पलीकडे जातात. तिथे बसायचं, पण पाठीमागे झाड किंवा भिंत बघून. मार्चमध्ये अर्धी खाल्लेली मोची हातात धरून मी पाण्याकडे बघत होते, आणि मागून वाऱ्याचा झोत आल्यासारखं झालं. घार होती. बोटांना नखाचा ओरखडासुद्धा न लागता मोची गेली. घारींपासून सावध राहा असे फलक नदीकाठी लावलेले आहेत, ते मी त्यानंतर वाचले.

एप्रिलमध्ये आई सांगलीहून आली. तिला कवळी आहे, त्यामुळे मी घाबरले होते. ही भीती खोटी नाही. जपानमध्ये दर नव्या वर्षाला मोची घशात अडकून म्हातारी माणसं दगावतात आणि अग्निशमन दलाला सूचना काढाव्या लागतात. मी कात्रीने लहान लहान तुकडे केले, आधी चहाचे दोन घोट प्यायला लावले. आईने सावकाश चावून खाल्लं आणि म्हणाली, “अगं, ही उकडच की! फक्त आपण मळतो, हे कुटतात.” मग वाटाणा बोटांत धरून, “मिठाचा अंदाज बघ केवढा नेमका आहे.” लहान मुलांनाही अशीच तुकडे करून द्या.

दहा महिन्यांचा खरा फायदा म्हणजे ऋतू कळले. वसंतात साकुरा मोची, क्योतोकडची दाणेदार, खारवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळलेली. ते पान खायचं. मेच्या बालदिनाच्या सुमाराला काशिवा मोची, तिचं ओकचं पान मात्र खायचं नाही. नवा कोंब येईपर्यंत जुनं पान झाडावरून गळत नाही, म्हणून वंश चालू राहण्याचं ते चिन्ह. 30 जूनला मिनाझुकी, बर्फाच्या तुकड्यासारखा पांढरा त्रिकोण, वर अझुकी. ही मोची नव्हे, पिठाची उकडलेली वडी, आणि मला तिचा पोत चिकट वाटला, आवडला नाही. सप्टेंबरात दिवस-रात्र समान होतात तेव्हा पूर्वजांसाठी ओहागी, म्हणजे गोड अझुकीत गुंडाळलेले चिकट तांदळाचे गोळे करतात. आपला पितृपक्षही त्याच सुमाराचा. आजोबांच्या तिथीला मी खिरीशेजारी दोन ओहागी वाढल्या, आणि ते ताट मला अजिबात परकं वाटलं नाही.

रांगेबद्दल: सुट्टीच्या दिवशी अर्धा तास धरून चाला, सकाळी साडेआठला उघडतं तेव्हा किंवा कामाच्या दिवशी जा. मंगळवारी बंद, महिन्याच्या चौथ्या बुधवारीही. एका मोचीची किंमत कॅफेतल्या कॉफीपेक्षा कमी. माणशी दोनच घ्या, लगेच खा. उरलीच तर फ्रीज नको, दुसऱ्या दिवशी टोस्टरमध्ये भाजा. वरचा पापुद्रा कुरकुरीत होतो, आत पुन्हा ताण येतो, आणि करपलेल्या वाटाण्याला फुटाण्याचा वास सुटतो. आमच्याकडे ह्यांना ताजीपेक्षा हीच आवडते, म्हणून आता मी मुद्दाम एक जास्तीची घेते.

सध्या कौंटरवर चेस्टनटची कुरी मोची आली आहे. उद्या बुधवार, पण चौथा नाही.